पाण्यातला कोट कुणी राखला?

मैत्रिणींनो, नागपूरकडे समुद्र नाही. मग समुद्रातल्या किल्ल्याचा विषय आपल्या पानावर कशाला, असं तिकडच्या भगिनींना वाटेल. पण मिहानजवळच्या शिवमडक्यापासून निघणारा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला शेवटच्या टप्प्यासह पूर्ण खुला झाला, आणि ७०१ किलोमीटरवरचं भिवंडीजवळचं आमणे एका दिवसाच्या पल्ल्यात आलं. नोकरीनिमित्त मिहानच्या बाजूला आलेली, वर्धा रोडच्या नव्या वसाहतींत संसार मांडलेली घरं आता सुटी लागली की गाडी काढून थेट कोकणाचा बेत करू शकतात. मुंबईला मुक्काम, दुसऱ्या दिवशी मांडव्याची बोट, तिथून वीसएक किलोमीटरवर अलिबाग!

अलिबागला पोचल्यावर काय होतं, ते तुम्हांला ठाऊक आहे. वाळूत पोरांचा धिंगाणा, नारळपाणी, घोडागाडी, आणि समोर पाण्यात उभा असलेला तो काळा कोट. त्याचं नाव कुलाबा. ओहोटी असेल तर मंडळी जातात, गणपतीला हात जोडतात, चार फोटो काढतात आणि भरतीच्या आत परत येतात. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "किल्ल्यात काय गं पाहिलंत?" तर उत्तर ठरलेलं, "पडक्या भिंती होत्या, आणि एक छान देऊळ होतं."

या साध्या उत्तरातच आजच्या लेखाचा विषय आहे. भिंती पडल्या आणि देऊळ राहिलं, असं का झालं? वाडे गेले, कोठारं गेली, दारूगोळा गेला, राज्यही गेलं. मग दिवा, देऊळ आणि गोड्या पाण्याचं तळं एवढं कुणी सांभाळलं? फौजेनं नव्हे, सरकारनंही पुष्कळ उशिरा. ते सांभाळलं तुमच्याआमच्यासारख्या, काही ना काही कामानं तिथं येत राहिलेल्या माणसांनी. कसं, ते आता सविस्तर पाहू या.

खडकावरचा पहारा

आपल्या कोकणच्या समुद्रावर सतराव्या शतकात गर्दी काय कमी होती? मुंबईला इंग्रज, वसई-चौलला पोर्तुगीज, जंजिऱ्याला सिद्दी. किनाऱ्यावरची गावं लुटायची, माणसं पळवायची आणि गलबतात बसून निघून जायचं. जमिनीवरच्या घोडदळाचा तिथं काय उपयोग? शिवाजी महाराजांनी हे ओळखलं. पाण्यातला शत्रू पाण्यातच अडवायचा, म्हणून त्यांनी समुद्रातले खडक हेरून त्यांवर कोट बांधायला घेतले. मालवणच्या सिंधुदुर्गाचा पाया २५ नोव्हेंबर १६६४ ला घातला गेला. १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर काम सुरू झालं, तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघेही ते मोडायला धावून आले. तरी काम थांबलं नाही.

त्यापाठोपाठ मार्च १६८० मध्ये अलिबागसमोरच्या या खडकावर कोट बांधण्याचा हुकूम झाला. पुढच्याच महिन्यात, ३ एप्रिलला, महाराज गेले. घरातला कर्ता माणूस गेला की हाती घेतलेलं बांधकाम तसंच राहतं, हे आपण पाहतो. इथं तसं झालं नाही. संभाजी महाराजांनी ते काम १६८१ मध्ये पुरं केलं.

बांधकामाची एक गंमत सांगते. भिंतीजवळ गेलात तर नीट पाहा. मोठमोठे चिरे एकावर एक रचलेले दिसतील, पण मधे चुना भरलेला दिसणार नाही. आपल्याला वाटेल, ही काय घाईगर्दी! पण त्यातच शहाणपण आहे. वाऱ्यात सूप धरलं तर हातातून उडू पाहतं, आणि चाळणी धरली तर वारा भोकांतून निघून जातो. तसंच लाटेचं पाणी दगडांच्या फटींत शिरतं, तिथं त्याचा जोर मोडतो आणि भिंतीला बसणारा धक्का कमी होतो. साडेतीनशे वर्षांच्या जवळपास पावसाळे खाऊन ती भिंत उभी आहे.

मोठ्या कोटाच्या उत्तरेला एक छोटासा कोट आहे, त्याला सर्जेकोट म्हणतात. एखाद्या बुरुजाला वेगळं घर करून द्यावं, एवढाच त्याचा जीव. तो कशासाठी? शत्रूनं त्या खडकावर पाय रोवून मोठ्या कोटावर तोफा डागू नयेत, म्हणून ती जागा आधीच आपण अडवलेली बरी. आगगाडीत रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच! दोन्ही कोटांमध्ये दगडांचा बांध घातलेला आहे.

कोट नव्हे, नांदतं गाव

पुढे हा किल्ला आंग्र्यांचं घर झाला. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशव्यांशी झालेल्या करारानं कान्होजी आंग्र्यांकडे जे किल्ले राहिले, त्यांत कुलाबा होता. इथून त्यांचं आरमार निघे. १७२१ मध्ये पोर्तुगीज आणि इंग्रज दोघांनी मिळून, हजारोंची फौज आणि लढाऊ जहाजं घेऊन कुलाब्यावर चाल केली आणि हात हलवत परत गेले. १७२९ मध्ये कान्होजी वारले. त्यांची समाधी अलिबाग गावात आहे.

लढायांची ही हकिगत शाळेच्या पुस्तकात मिळते. आपण जरा आतल्या चुलीकडे वळू या. चहूकडे खारं पाणी, आणि आत माणसं राहणार. प्यायचं काय? रांधायचं कशात? म्हणून कोटाच्या आत गोड्या पाण्याचं बांधीव तळं आहे, पुष्करणी म्हणतात तिला. लाटांच्या मधोमध असूनही तिचं पाणी गोडं! सिंधुदुर्गातही तशाच विहिरी आहेत, त्यांची नावं तर आपल्याच स्वयंपाकघरातली: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. किल्ला तोफांनी लढतो हे खरं, पण टिकतो तो पाण्यावर.

त्या पुष्करणीजवळ गणपतीचं देऊळ आहे. रघूजी आंग्र्यांनी ते १७५९ मध्ये बांधलं. हे पंचायतन आहे, म्हणजे मधे सिद्धिविनायक, आणि सोबत शंकर, विष्णू, सूर्य आणि देवी. कोटात पद्मावतीचं देऊळ आहे, मारुती आहे, आणि हाजी कमालुद्दीन शाह यांचा दर्गाही आहे. आरमार म्हटलं की त्यात कोळी, भंडारी, मराठे, मुसलमान सगळेच आले. ज्याचा त्याचा देव त्याच्याजवळ हवा. एका कोटात सगळे नांदत होते, याचा हा पुरावाच समजा.

आणि बायका? होत्या तर! १७९३ मध्ये रघूजी वारल्यावर आंग्र्यांच्या घरात भाऊबंदकी माजली. त्या धामधुमीत आनंदीबाई आणि सकवारबाई ही घरातल्या दोन स्त्रियांची नावं पुढे येतात. नुसत्या पडद्याआड रडत बसलेल्या नव्हेत. सत्तेच्या ओढाताणीत उतरलेल्या. ते भांडण चांगलं होतं असं मी म्हणत नाही. पण किल्ल्याचा इतिहास म्हणजे फक्त मिशांवर पीळ देणाऱ्यांचा इतिहास, असं जे आपण मुलांना सांगतो, ते पुरतं खरं नाही.

कुलाबा आणि नागपूर: दुखणं एकच

आता नागपूरकडच्या मैत्रिणींनी कान देऊन ऐकावं, कारण इथं त्यांच्या घरचीच गोष्ट येते.

आंग्र्यांच्या गादीवरचा शेवटचा वारस अगदी तान्हा होता. ते मूल गेलं. दत्तक घ्यायची परवानगी मागितली, ती इंग्रजांनी दिली नाही आणि १८४० मध्ये संस्थान खालसा झालं. बरोबर तेच पुढे नागपूरला घडलं. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले वारले. पोटी मुलगा नाही, दत्तक मान्य नाही, आणि १८५४ मध्ये नागपूरचं राज्य कंपनीच्या घशात गेलं. वृद्ध बाकाबाईंनी आणि राण्यांनी परोपरीनं विरोध केला. तरी राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल मातीमोलानं विकले गेले आणि दागिने लिलावासाठी कलकत्त्याला रवाना झाले. आपल्या अंगावरून उतरलेले दागिने परक्या गावी लिलावात बोलले जातायत, हे ऐकताना त्या बायकांच्या जिवाचं काय झालं असेल, ते कुठल्याही घरच्या बाईला सांगायला नको.

कुलाब्याचीही तीच तऱ्हा. १७८७ च्या आगीत आंग्र्यांचा मोठा वाडा आधीच जळाला होता. उरलं होतं ते १८४२ मध्ये इंग्रजांनी मोडलं. लाकडी इमारतींचा लिलाव केला आणि वाड्यांचे दगड अलिबागच्या पाणीपुरवठ्याच्या बांधकामाला वापरले. तुम्ही पाहता त्या पडक्या भिंती सगळ्या तोफांनी पडलेल्या नाहीत. पुष्कळशा हातोड्यानं पडल्या, कागदावर सही होऊन पडल्या.

दगड गावाच्या पाण्यासाठी वापरले, मग त्यात वाईट ते काय, असं कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. जुन्या लुगड्याची गोधडी आपणही शिवतो. वस्तू वाया जाण्यापेक्षा कामी आलेली बरी. पण लुगडं आपलं असतं, आणि ते कधी फाडायचं हे आपण ठरवतो. इथं ज्यांचं घर होतं त्यांना कुणी विचारलंच नाही. फरक आहे तो एवढाच, पण तो मोठा आहे.

कान्होजींनी १७२० मध्ये अलिबाग गावात बांधलेल्या हिराकोटाची तर आणखीच वेगळी कथा. त्याचा तुरुंग झाला. त्या भिंती उभ्या राहिल्या, पण गावातल्या बाईबापड्यांना तिथं सहज जायचं कारण उरलं नाही. इमारत वाचली, तिच्याशी असलेलं नातं तुटलं.

पाण्यातल्या कोटाच्या तटावर चाकांच्या दोन इंग्रजी तोफा आहेत, मुलं त्यांच्यावर बसून फोटो काढतात. त्यांच्यावरचं साल मुलांना वाचायला सांगा: १८४९. म्हणजे आंग्र्यांचं राज्य संपल्यावर नऊ वर्षांनी ओतलेल्या. कान्होजींच्या लढाईशी त्यांचा काडीचा संबंध नाही! किल्ला आपल्याशी खोटं बोलत नाही, आपणच नीट वाचत नाही.

दिवा कुणी लावला?

राज्य गेलं, फौज गेली, वाडे मोडले. मग राहिलं काय? गणपती राहिला. त्याला नैवेद्य लागतो, दिवा लागतो, फुलं लागतात. त्यासाठी कुणीतरी ओहोटीच्या वेळा पाहून पाण्यातून जायला हवं. जायचं म्हणजे वाट राखायला हवी. पाणी हवं म्हणून पुष्करणी राखायला हवी. माघी गणेश जयंतीला माणसं येणार, म्हणून झाडलोट करायला हवी. दर्ग्यावर चादर चढवायला येणाऱ्यालाही तीच वाट, तेच पाणी. एका दिव्यामागे ही केवढी साखळी आहे, पाहा! देवघरातलं निरांजन रोज घासायचं म्हटलं की ते कोनाड्यात काळं पडून राहत नाही, तसंच हे आहे.

यात समुद्राचं ज्ञान कसं सहज राखलं गेलं, तेही ऐकण्यासारखं आहे. भरती-ओहोटी चंद्रावर चालते, आणि आपल्या तिथीही चंद्रावरच चालतात. म्हणून किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना घड्याळ लागत नसे. त्यांचा ठोकताळा असा: प्रतिपदेपासून तिथीचा आकडा धरा आणि त्याची पाऊणपट करा, की भरती साधारण किती वाजता भरेल ते कळतं. चतुर्थी असेल तर चार, त्याची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनच्या आसपास पूर्ण भरती. भरती आणि ओहोटी यांत सव्वासहा तासांचं अंतर, तेव्हा सकाळी नऊच्या सुमाराला पाणी ओसरलेलं. गणपतीच्या दिवशी सकाळी दर्शनाला जावं आणि दुपारच्या आत परतावं, हे आपोआपच जमून येतं! रोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते.

मात्र हा ठोकताळा तास-अर्धा तास इकडेतिकडे होतो. तेव्हा तो मुलांना गंमत म्हणून शिकवा, पण पाण्यात पाऊल टाकण्यापूर्वी त्या दिवसाची वेळ तिकिटाच्या खिडकीवर किंवा घोडागाडीवाल्याला विचारूनच घ्या.

वापर असा आणि वापर तसा

वापरानं वास्तू टिकते, असं मी म्हणते आहे खरी. पण कसाही वापर चालेल का? नाही. यासाठी मुंबईचे तीन छोटे किल्ले शेजारीशेजारी ठेवून पाहू.

वांद्र्याचा किल्ला पोर्तुगीजांनी १६४० मध्ये बांधला. त्याची पडझड झाली होती. २००३ च्या सुमारास आसपासच्या रहिवाशांनी पुढाकार घेतला, जागा साफ झाली, बागेच्या वाटा झाल्या, कार्यक्रमांसाठी पायऱ्यांचा खुला रंगमंच झाला. संध्याकाळी तिथं म्हातारीकोतारी फिरायला येतात, तरुण पोरं गाणी म्हणतात.

वरळीचा किल्ला कोळीवाड्याच्या टोकाला आहे. कोळीवाड्यातली मुलं तिथं व्यायाम करत आली. तटावरून समुद्र दिसतो, आत दंड-बैठका. पहारेकऱ्यांच्या जागी पैलवान, इतकाच बदल!

आणि माहीमचा किल्ला. त्याच्या आत आणि तटाला लागून वर्षानुवर्षं झोपड्या उभ्या राहत गेल्या. अडीचशेहून अधिक कुटुंबं तिथं संसार करत होती. तट खचायला लागला, समुद्र आत यायला लागला. शेवटी २०२२-२३ च्या सुमारास महापालिकेनं त्या कुटुंबांना दुसरीकडे घरं देऊन किल्ला मोकळा करायला घेतला.

इथं आपण जरा थांबू या. 'अतिक्रमण' हा शब्द उच्चारणं सोपं आहे. पण ज्या बाईनं त्या तटाच्या आडोशाला चूल मांडली, पोरांना शाळेत घातलं, चार घरची कामं धरली, तिला किल्ला मोडायची हौस होती का? तिला डोक्यावर छप्पर हवं होतं. नवं घर मिळालं तर पावसाळ्यात लाटा दारात येत नाहीत, हे सुख. पण कामाची घरं लांब पडतात, शाळा बदलते, शेजारीण तुटते, हे दुःख. किल्ला वाचवताना त्या बाईच्या दुःखाचाही हिशेब मांडायला हवा. दगडांची काळजी करणारे आणि माणसांची काळजी करणारे असे दोन तट पडू नयेत. दोन्ही काळज्या एकाच घरच्या आहेत.

तेव्हा तीन किल्ल्यांवरून ध्यानात काय येतं? जिथं वापरणाऱ्यांनी मिळून काही नियम पाळले, तिथं वास्तू जगली. जिथं नाइलाजानं किंवा बेपर्वाईनं कशाचाच धरबंध राहिला नाही, तिथं वास्तूही खचली आणि माणसांचीही परवड झाली.

परदेशातही हीच कथा आहे. नेपोलियन चालून येईल या धास्तीनं इंग्रजांनी १८०४ पासून पुढे इंग्लंड-आयर्लंडच्या किनाऱ्यावर गोल, बुटके, जाड भिंतींचे कितीतरी बुरूज बांधले. त्यांना मार्टेलो बुरूज म्हणतात. नेपोलियन काही आला नाही! बुरूज रिकामे पडले. काही समुद्रानं खाल्ले, काहींत लोकांनी घरं केली, काहींची संग्रहालयं झाली. डब्लिनजवळच्या सँडीकोव्हच्या बुरुजात जेम्स जॉइस हा लेखक काही दिवस राहिला होता. तिथं १९६२ पासून त्याचं संग्रहालय आहे. जे वापरात आले ते राहिले.

नागपूरचा किल्ला तीन दिवसांचा

परत नागपूरला येऊ. शहराच्या मध्यावर सीताबर्डीची टेकडी आहे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला तिथं आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज यांची लढाई झाली. आज तो किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, आणि सर्वसामान्यांना २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशी तो पाहता येत आला आहे. लष्कराच्या गरजा लष्कराला ठाऊक, त्याबद्दल तक्रार नाही.

पण गंमत पाहा. त्याच टेकडीच्या पायथ्याशी टेकडीचा गणपती आहे. तिथं मात्र चतुर्थीला पाय ठेवायला जागा नसते. नवी गाडी घेतली की आधी टेकडीवर, परीक्षेचा निकाल लागला की टेकडीवर, सून घरात आली की टेकडीवर. एकाच टेकडीवर वर कुलूप आणि खाली गर्दी! वरचा इतिहास किती जणींना ठाऊक आहे, आणि खालच्या गणपतीची आरतीची वेळ किती जणींना ठाऊक आहे, हे तुमचं तुम्हीच ताडून पाहा. म्हणून सांगते, मिहानकडच्या भगिनींनो, त्या तीन दिवसांपैकी एक दिवस मुलांना घेऊन वरही जा. रांग लावा, पाहा, विचारा. अलिबागचा किल्ला साडेआठशे किलोमीटरवर आहे, हा तर तुमच्या घरचा आहे.

आज काय पणाला लागलं आहे?

कुलाबा किल्ला आता भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. तिकीट काढून आत जायचं. तेव्हा सगळं ठीक आहे, असं समजून आपण निर्धास्त होतो. पण भरतीबरोबर आत काय वाहून येतं, ते पाहिलंत का? आपणच टाकलेल्या बाटल्या, वेफर्सच्या पिशव्या, प्लॅस्टिकची फुलं. जुन्या तटावर खिळ्यानं कोरलेली नावं आणि बाण मारलेले बदाम. कायद्यानं हा गुन्हा आहे. १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाल्यापासून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण किती ठिकाणी शिपाई उभा करणार?

१९८१ पर्यंत अलिबागच्या जिल्ह्याचं नावच कुलाबा होतं, पुढे ते रायगड झालं. पाटीवरचं नाव गेलं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे पाण्याकाठचे किल्ले आहेत, कुलाबा नाही. म्हणजे याच्याकडे मोठ्या लोकांचं लक्ष आणि मोठा पैसा कदाचित कमीच वळेल. याला राखणार ते पूर्वी राखत आले तेच: नियमानं येणारी साधी माणसं. ज्या दिवशी ती माणसं नुसती 'पर्यटक' होतील, फोटो काढून कचरा टाकून जाणारी, त्या दिवशी या कोटाचा खरा पहारा उठला असं समजा.

घरी पाहुणी आली आणि तिनं आपल्या भिंतीवर नाव कोरलं, केळीची सालं दिवाणखान्यात टाकली, तर आपण तिला दुसऱ्यांदा बोलावू का? किल्ल्यात आपण पाहुण्या आहोत. तसंच वागायचं, एवढंच.

जाणार असाल तर

* पावसाळ्यात कोटात जायचा हट्ट धरू नका. समुद्र खवळलेला असतो, आणि गेटवेहून मांडव्याच्या लहान बोटीही त्या दिवसांत बंद असतात.
* ओहोटी सुरू झाल्यावर जा आणि पाणी वळायच्या आत निघा. "आणखी पाच मिनिटं" हे वाक्य किल्ल्यावर उच्चारायचं नाही. पाणी वाढू लागलं तर चालत येण्याचा धाडसीपणा न करता होडीची वाट पाहा.
* खडकांवर शिंपले आणि कालवांची धारदार कवचं असतात. अनवाणी जाऊ नका. पट्ट्याच्या रबरी चपला घाला. पाचवारी असेल तर ओचा नीट खोचा, सलवार-कमीज असेल तर जास्त सोयीचं. मुलांचे कपडे एक जोड जास्त.
* आत सावली बेताची. प्यायचं पाणी स्टीलच्या बाटलीतून न्या. खाऊ डब्यात न्या: दशम्या, चटणी, भाजलेले दाणे. डबा परत येतो, पिशवी समुद्रात जाते.
* देवाला खरी फुलं आणि एक नारळ पुरे. निर्माल्य पुष्करणीत टाकू नका. ते पाणी तीनशे वर्षांमागच्या बायकांनी जपलेलं आहे.
* तटाच्या कडेला मुलांना एकटं सोडू नका. तोफेवरचं साल मात्र त्यांच्याकडून वाचून घ्या.

मैत्रिणींनो, या वेळी परतल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय गं पाहिलंत?" तर त्यांना सांगा, भिंती का पडल्या आणि दिवा कुणी राखला. गोष्ट सांगणं हीसुद्धा एक राखणच आहे, आणि ती तर आपल्याकडेच पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे.